विज्ञानशिक्षण आणि सार्वजनिक नभोवाणी : अमेरिकेतील एक शतक

जुलै १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात, डेटन या लहानशा गावी, जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. मानव खालच्या प्राणिकोटीतून उत्क्रांत झाला, असे सरकारी शाळांत शिकविण्यास बटलर कायद्याने त्याच वर्षी बंदी केली होती. शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्राने खटल्याचे थेट ध्वनिक्षेपण केले. मायक्रोफोनच्या सोयीसाठी न्यायालयाची मांडणीही बदलण्यात आली. परंतु शास्त्रज्ञांची साक्ष न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊ दिली नाही. श्रोत्यांना वाद ऐकावयास मिळाला, विज्ञान फारसे नाही. स्कोप्स यांना झालेला शंभर डॉलरचा दंड १९२७ मध्ये तांत्रिक कारणाने रद्द झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

गाजलेल्या प्रसंगाचे ध्वनिक्षेपण आणि नभोवाणीवरील अध्यापन यांत किती अंतर आहे, हे विस्कॉन्सिन राज्याच्या उदाहरणावरून कळते. मॅडिसन येथील विद्यापीठाचे केंद्र पदार्थविज्ञान विभागातच, प्रा. अर्ल टेरी यांच्या प्रयोगांतून उदयास आले. त्याने १९३१ मध्ये शाळांसाठी नियमित पाठ सुरू केले. वेकलिन मॅकनील हे ‘रेंजर मॅक’ या नावाने १९३३ पासून सुमारे वीस वर्षे मुलांना निसर्गाचे पाठ देत राहिले. एकशिक्षकी ग्रामीण शाळेला विज्ञानाचा वेगळा शिक्षक कोठून मिळणार? तेथे ही वाणीच शिक्षक झाली. असे काम खटल्याप्रमाणे दहाबारा दिवसांत उरकत नाही. त्याला वर्षानुवर्षे पुरेल असा पैसा लागतो.

त्या पैशाची तरतूद राष्ट्रीय पातळीवर नोव्हेंबर १९६७ च्या सार्वजनिक ध्वनिक्षेपण कायद्याने केली. (मूळ विधेयक केवळ दूरचित्रवाणीचे होते, नभोवाणीचा समावेश मागाहून झाला.) कार्यक्रमांच्या आशयावर केंद्र सरकारचे नियंत्रण असू नये, असे बंधन कायद्यात होते. पुढे अनुदान दोन वर्षे आगाऊ मंजूर होऊ लागले. सत्ताधाऱ्यांच्या तात्कालिक रोषापासून केंद्रांना संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होय.

डेटनच्या खटल्यास शंभर वर्षे झाली त्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, अमेरिकन संसदेने हे आगाऊ मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. म्हणजे जी योजना कवच म्हणून केली होती, तिच्यावरच घाव पडला. अनुदान वाटणाऱ्या महामंडळाने लगोलग कामकाज आवरते घेतले आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याच्या विसर्जनाचा ठराव झाला. मोठ्या शहरांतील केंद्रांना श्रोत्यांच्या देणग्यांचा आधार आहे, जरी देणगीदारांची रुची हेही एक प्रकारचे नियंत्रणच असले. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागांतील अनेक केंद्रांच्या खर्चात मात्र सरकारी अनुदानाचा वाटा फार मोठा होता.