शुद्ध हरपलेल्याची जबाबदारी कोणाची?

रस्त्याच्या कडेला एखादा इसम निपचित पडलेला असावा आणि त्याच्या तोंडाला दारूचा दर्प येत असावा, म्हणजे जाणारेयेणारे त्याचा निकाल तेथल्या तेथे लावून मोकळे होतात : ‘प्यायला आहे, उतरेल सकाळपर्यंत.’ लष्करातील महाराज बाड्यासारखा गजबजलेला चौक असो की एखादी अंधारी गल्ली असो, हे वाक्य सर्वत्र सारखेच ऐकू येते. ते उच्चारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु या वाक्यापायी माणसे दगावतात. कारण ‘प्यायला आहे’ हा निष्कर्ष अगदी शेवटी काढावयाचा असतो, आणि तोच आपण सर्वांत आधी काढून बसतो.

अतिरिक्त मद्यप्राशनाने नेमके काय होते, हे प्रथम पाहू. मद्य मेंदूचे व्यवहार मंद करते. आरंभी जीभ आणि पाय अडखळतात. प्रमाण वाढले म्हणजे शुद्ध जाते. त्याहूनही वाढले म्हणजे श्वासोच्छ्वास चालविणारे केंद्रच मंदावते. घशात काही गेल्यास ठसका लागण्याची जी स्वाभाविक सोय आहे, तीही लुळी पडते. असा माणूस उताणा पडलेला असताना ओकला, तर ती ओकारी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. शिवाय शुद्ध हरपल्यावरही पोटात उरलेले मद्य रक्तात उतरतच असते. म्हणून दहा वाजता घोरणारा माणूस अकरा वाजता अधिक बरा असेलच, असे मुळीच नाही.

हवामानाचाही विचार करावा लागतो. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते. ग्वाल्हेरची पौषातली रात्र ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. उन्हाळ्यातील भर दुपारी तोच माणूस उष्माघाताला बळी पडू शकतो.

आणि दर्प आला म्हणून दुसरे काही झालेले नाही, असेही नव्हे. मधुमेह्याच्या रक्तातील साखर उतरली, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला, पक्षाघाताचा झटका आला किंवा फेफरे येऊन गेले, तर माणूस नशेत असल्यासारखाच बरळतो, झोकांड्या खातो, कोसळतो. दारू प्यायलेल्याला यांपैकी काहीही होऊ शकते. किंबहुना पडून डोके फुटण्याचा संभव त्यालाच अधिक असतो.

अशा माणसाला वाचविण्याचे काम एकट्याचे नाही. ती चार हातांची साखळी आहे, आणि पहिला हात कोणत्याही सरकारी खात्याचा नसून वाटसरूचा आहे. त्याने हाक मारून, खांदा हलवून पाहावे. छाती वरखाली होते की नाही ते न्याहाळावे. उत्तर येत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा अंग गार लागत असेल, तर विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ११२ हा सर्व आपत्कालीन मदतीचा देशव्यापी क्रमांक आहे. त्यावरही मदत मागता येते. तोपर्यंत माणसाला एका कुशीवर वळवून ठेवावे, अंगावर काही पांघरावे आणि त्याला एकटे सोडू नये. श्वास अजिबात चालत नसेल, तर तसे फोनवर स्पष्ट सांगावे आणि पलीकडून मिळणाऱ्या सूचनांप्रमाणे छाती दाबण्यास आरंभ करावा. लिंबूपाणी, ताक किंवा कडक कॉफी पाजणे, घशात बोटे घालून ओकविणे, डोक्यावर थंड पाण्याची बादली ओतणे हे सारे उपाय निरुपयोगी, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या बाबतीत घातक आहेत.

दुसरा हात पोलिसांचा. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३५५व्या कलमान्वये गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. या गुन्ह्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन्ही किंवा समाजसेवा एवढीच शिक्षा आहे. इतक्या किरकोळ अपराधासाठी ज्याला धड उभेही राहता येत नाही अशा माणसाला कोठडीत टाकून कुलूप लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. पोलिसांचे खरे मोल निराळेच आहे. ते गर्दी हटवितात, दंगा करणाऱ्यापासून रुग्णवाहिकेतील माणसांचे रक्षण करतात, आप्तांचा शोध घेतात. आणि तो काय प्यायला, कोठून आणले, सोबत आणखी कोण होते, याची चौकशी करतात. ही शेवटची माहिती पुढे डॉक्टरांना औषधाइतकीच उपयोगी पडते.

तिसरा हात रुग्णवाहिकेचा. १०८ची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. गाडीतील प्रशिक्षित कर्मचारी श्वासमार्ग मोकळा करतो, प्राणवायू देतो, नाडी, रक्तदाब व रक्तातील साखर तपासतो. शुद्धीचे मोजमाप ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेल्या मापनाने करतात. डोळे कशाने उघडतात, बोलणे कसे आहे आणि हातपाय कसे हलतात, या तीन गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ यांमध्ये बेरीज येते. याचा लाभ असा की रस्त्यावर १२ असलेली बेरीज रुग्णालयाच्या दारी ८ झाली, तर रोगी ढासळत आहे हे कोणाही डॉक्टराला एका दृष्टिक्षेपात कळते.

चौथा हात रुग्णालयाचा. लष्करातील जयारोग्य रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले, १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांकडे केवळ शहराचेच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांचेही रोगी येतात. साध्या मद्याचा अंमल उतरविणारे औषध नाही. यकृत आपल्या गतीने ते काम करते. म्हणून उपचार म्हणजे मुख्यतः पहारा : श्वास, उष्णता, साखर सांभाळणे, फार दिवस पिणाऱ्यास ब जीवनसत्त्वापैकी थायमीन टोचणे, आणि अपेक्षित वेळेत शुद्ध न आल्यास डोक्याची तपासणी करणे. पोलिसी कागदपत्रांसाठी उपचार खोळंबू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणी १९८९ सालीच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आधी जीव, मग पंचनामा.

या चार हातांची खरी कसोटी विषारी दारूच्या प्रसंगी लागते. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या मुरैना जिल्ह्यात अशी दारू पिऊन वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अत्यवस्थ रोग्यांना ग्वाल्हेरला आणावे लागले. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरावर बळी गेले होते. अशा दारूत बहुधा मिथेनॉल असते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर व साऱ्या शरीरावर घाला घालते. दगा असा की आरंभी साध्या नशेपलीकडे काहीच दिसत नाही. बारा ते चोवीस तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटदुखी, ओकाऱ्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके येते. त्या अवधीत निदान झाले, तर फोमेपिझोल किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले शुद्ध इथेनॉल आणि रक्तशुद्धीकरण यांनी जीव वाचतो, दृष्टीही वाचू शकते. घरी मात्र असा प्रयोग कदापि करू नये.

पण एका रोग्याकडे पाहून ही गोष्ट उमजणे कठीण. एकाच गावचे दोघेतिघे ‘डोळ्यांना दिसत नाही’ म्हणत आले, हे डॉक्टराने ओळखावे. त्याने ते तात्काळ पोलिसांना कळवावे. पोलीस व अबकारी खात्याने तो साठा जप्त करावा, नमुने प्रयोगशाळेकडे धाडावेत. आणि जिल्हा प्रशासनाने दारोदार फिरून ज्यांनी तीच दारू घेतली आहे, पण अजून त्रास सुरू झालेला नाही, अशांना रुग्णालयात आणावे. घरी स्वस्थ झोपलेल्या त्या माणसांचे प्राण या निरोपाच्या वेगावर अवलंबून असतात. भीतीने किंवा लाजेने आप्तांनी गोष्ट दडविली, तर सर्वांचेच हात बांधले जातात.

शुद्धीवर आलेल्या माणसाला सकाळी नुसते दाराबाहेर काढणे, ही साखळीची अखेर नव्हे. त्याला घरच्यांच्या हवाली करावे आणि व्यसनमुक्तीची वाट दाखवावी. त्यासाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. दारूबद्दल कोणाचे मत कसेही असो, पडलेल्या माणसाच्या गुणदोषांचा हिशेब त्या घटकेस करावयाचा नसतो. त्याचा श्वास चालू आहे की नाही, एवढेच तेव्हा पाहावयाचे असते. आणि ते पाहण्यासाठी थांबणारा पहिला माणूस भेटला, तरच पुढच्या तीन हातांना काही करता येते.