गुरुजी वर्षभर परदेशी निघतात तेव्हा

आपल्या वणीच्या एखाद्या गुरुजींची अमेरिकेतील शाळेत वर्षभर शिकवण्यासाठी निवड झाली, असे समजा. गाव हार घालील, पेढे वाटील. पण हार सुकण्याच्या आतच घरात प्रश्न उभे राहतील. आईच्या औषधपाण्याचे कोण पाहणार? पोरांचे वर्ष बुडणार का? ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षबागेत कोण उभे राहणार? आणि शाळेतल्या मुलांना शिकवणार कोण? आज या प्रश्नांचाच विचार करू.

प्रथम ही देवघेव काय असते ते पाहू. आपला शिक्षक तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. एकमेकांची शाळा, भाषा, चालीरीती समजून घेतो. भारत व अमेरिका यांच्यात 2 फेब्रुवारी 1950 रोजी असा शैक्षणिक करार झाला. त्यातील फुलब्राइट शिष्यवृत्तीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. 2008 साली नवा करार झाला, खर्चाचा भार दोन्ही सरकारांनी सारखा उचलायचे ठरले आणि शिष्यवृत्तीला नेहरूंचेही नाव जोडले गेले. सगळ्याच योजना वर्षाच्या नसतात. काही सहा आठवड्यांच्या, काही सहामाहीच्या असतात. तेव्हा त्या वर्षीचे पत्रक नीट वाचावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आता कागदपत्रे. पासपोर्ट, जन्माचा दाखला, लग्नाची नोंद आणि शाळेचा दाखला समोर मांडा व नावे ताडून पाहा. एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे नाही; बाईंचे एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे. इथे आपण चालवून घेतो, तिथे गाडी अडते. शिवाय जिल्हा परिषदेची रजा आणि परवानगी लेखी हाती आल्याखेरीज तिकीट काढू नये.

घरच्यांना बरोबर नेता येते का? देवघेवीच्या व्हिसावर पत्नी किंवा पती आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांना बरोबर राहण्याचा वेगळा व्हिसा मिळू शकतो. आईवडिलांना मात्र त्यात जागा नाही. म्हणून म्हातारी माणसे कोणाजवळ राहतील, हे निघण्याच्या आठवड्यात नव्हे, अर्ज भरतानाच ठरवावे. भावाला, भावजयीला, बहिणीला बसवून बोलावे. त्यांच्यावर ओझे पडणार, तर त्यांचा होकारही मनापासूनचा हवा. बागेचा हिशेब, बँकेचे हप्ते, विजेचे बिल कोणी भरायचे ते वहीत लिहून ठेवावे. तोंडी ठरलेले वर्षभर टिकत नाही.

मुलांच्या लसींची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील शाळा प्रवेशाच्या वेळी लसींचा दाखला मागतात. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर व रुबेलाची लस मिळते; पण गालगुंड आणि कांजिण्या यांच्या लसी आपल्या नेहमीच्या सरकारी कार्यक्रमात नाहीत. त्या खासगी डॉक्टरांकडे घ्याव्या लागतात, आणि दोन डोसांमध्ये अंतर ठेवावे लागते. क्षयाची बीसीजी लस घेतल्याची नोंदही जवळ असावी, कारण ती घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी उगीच दोषी दिसते. आरोग्यविमा तर साऱ्या कुटुंबाला सक्तीचाच असतो.

शाळेच्या वर्षाचाही मेळ नाही. आपले वर्ष जूनमध्ये सुरू होते, तिकडचे ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे इथली पहिली सहामाही अर्धवट सोडून जायचे. पण घाबरू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. परतल्यावर मूल मागे पडत नाही. खरी काळजी मराठीची. लहान पोर वर्षभरात वाचायला विसरते. बालभारतीची पुस्तके बरोबर न्यावीत आणि रोज रात्री अर्धा तास मराठी वाचन ठेवावे. आजीला महिन्याला एक पत्र मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. आजीलाही बरे वाटेल.

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. दोनशिक्षकी शाळेतून एक गुरुजी गेले, तर चार इयत्ता एकट्याच्या गळ्यात पडतात. बदली शिक्षकाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने वेळीच लेखी करावी. गुरुजींनीही कोणते मूल कुठे अडते, कोणाला काय जमते, याची टिपणे मागे ठेवावीत. नाहीतर गुरुजींच्या मानाची किंमत पहिलीतल्या पोराला मोजावी लागेल.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? चित्राताई नाईक 1953 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. परत येऊन त्यांनी ग्रामीण शिक्षणाला वाहून घेतले, आणि पुढे दिवसा शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचे मोठे काम केले. अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली; पुढे त्यांनाही फुलब्राइट मिळाली. खेड्यातल्या शाळेला जगाची वाट बंद नाही, एवढे यावरून दिसते.

सरकारी खर्चाने गेलेल्या पाहुण्याने परतून दोन वर्षे मायदेशी राहावे, तोवर तिकडे कायमच्या वास्तव्याचा किंवा नोकरीच्या ठराविक व्हिसांचा विचार करू नये, अशी अमेरिकेची अटच असते. काहींना ती जाचक वाटते. पण गावाच्या दृष्टीने पाहिले तर देवघेवीचा अर्थ तिच्यातच आहे. आपण एक वर्ष उसने दिलेले असते. भावाने बाग सांभाळली, सोबतच्या गुरुजींनी दुसऱ्याचे वर्ग घेतले, आजीने नातवंडांची वाट पाहिली, तेव्हा कुठे एक माणूस जग पाहून आला. त्याने काय आणले, हे सामानाच्या पेटीत शोधू नका; पुढच्या जूनमध्ये त्याच्या वर्गात जाऊन पाहा.