फियाटचे दिवे आणि अब्बांची नजर

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. खडकीला खालाकडे जेवून आम्ही रात्री दापोडीला परतत होतो. अब्बा गाडी चालवत होते, शेजारी अम्मी, मागे मी. हॅरिस पूल ओलांडल्यावर अब्बांनी एकदम ब्रेक दाबला. समोर चार-पाच हातांवर एक रिकामी हातगाडी होती आणि ती ढकलणारा माणूस वळून आमच्याकडे बघत होता. अल्लाहचे आभार, त्याला काही लागलं नाही. पण घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

"दिवे मंद झालेत," गाडी लावताना अब्बा म्हणाले. धाकटा भाऊ दारातच उभा होता. पटकन बोलून गेला, "अब्बा, दिवे नाही, डोळे." झालं! दोन दिवस घरात अबोला.

गाडी १९७२ सालची फियाट ११००, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. अब्बांनी ती जुनीच घेतली होती. ते दापोडीच्या एसटी कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते. तिथे नुसत्या चासीवर बसची बॉडी उभी राहते आणि तिच्यातली वायरिंग अब्बांसारख्या लोकांच्या हातून जाते. अशा माणसाला दिव्याबद्दल बोलायचं म्हणजे आचाऱ्याला मीठ शिकवणं.

तिसऱ्या दिवशी मी आणि अब्बा बॉनेट उघडून बसलो. त्यांनी बल्बला हात लावला नाही. आधी मल्टिमीटर मागितला. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीच्या टोकांवर १३.४ व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरपाशी: १०.९. अब्बा हसले. अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते.

अडीच व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड साधारण तीस टक्के जातो. आमच्या आकड्यांवर हिशेब केला तर उजेड जवळजवळ निम्माच उरला होता. बाजारातून कितीही भारी बल्ब आणला असता तरी तो उपाशीच राहिला असता.

गळती कुठे? पन्नास वर्षांच्या बारीक वायरी, काळे पडलेले फ्यूजचे चिमटे, आणि स्टिअरिंगजवळचा स्विच. दिव्याचा सगळा करंट त्या एका स्विचमधून जायचा. सगळ्यात वाईट अवस्था अर्थिंगची. दिव्याची अर्थ वायर जिथे पत्र्याला स्क्रूने बसवली होती तिथे रंगाखाली गंज होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, वर ग्रीस लावून ती परत घट्ट बसवली, तेवढ्यानेच जवळपास एक व्होल्ट परत आला.

बाकीचं काम रिलेने केलं. बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून रिलेला आणि तिथून सरळ दिव्यांना. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. अप्परला एक, डिपरला एक. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवाच, नाहीतर वायर घासली तर गाडी पेटेल. आता होल्डरपाशी १३ व्होल्ट मिळतात.

रिफ्लेक्टरचा मुलामा मात्र काळवंडला होता. तो कापडाने किंवा पितळेच्या पॉलिशने घासू नका, उरलेली चांदीही निघून जाते. मुलामा नव्याने चढवून घ्यावा लागतो. बल्ब ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले. रस्त्याकडेचा दुकानदार १००/९० चे गळ्यात मारत होता. दोन मिळून २०० वॅट म्हणजे जवळपास १६ अँपिअर. जुना डायनॅमो सिग्नलला उभं असताना तेवढं देऊच शकत नाही. आणि एलईडी बल्ब जुन्या रिफ्लेक्टरमध्ये घातला की उजेड नको तिथे पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात. हातगाडीवाल्याला वाचवायला निघून आपण दुचाकीवाल्याला आंधळं करायचं, हे अब्बांना पटलं नाही. शेवटी सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा तीन इंच खाली आणली.

मित्रांनी सुचवलं, गाडी पन्नाशीच्या पुढे गेली, २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. अब्बांनी नियम समजून घेतला: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. "मग अम्मीला खडकीला कशात नेऊ?" विषय संपला.

त्या रात्री चाचणीला निघालो. रस्ता लख्ख दिसत होता. पण समोरून गाडी आली की अब्बा डोळे बारीक करत होते, हे मला आरशात दिसलं. त्यांनाही ते कळलं असावं. परत आल्यावर स्वतःच म्हणाले, "भावाला सांग, तोही खोटं बोलत नव्हता."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. वीस वर्षांच्या माणसाच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. त्यात अब्बांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरायचा. ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

तोवर रात्री गाडी मी चालवतो. अब्बा शेजारी बसतात, अम्मी मागे गेली आहे. समोरून ट्रक आला की माझ्याआधी त्यांचाच आवाज येतो, "डिपर दे, डिपर!"