घट आहे, कुंभार नाही : विज्ञानकथांमधल्या लुप्त संस्कृती

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आपण घेतलं होतं. आज तेच उदाहरण सोबत घेऊन जरा लांब जायचं आहे, थेट परग्रहांवर. विज्ञानकथांमध्ये एक कल्पना वारंवार येते. माणूस अंतराळात जातो आणि तिथे त्याला कुणीतरी फार पूर्वी सोडून गेलेल्या वस्तू सापडतात. शहरं, यंत्रं, लेख, सगळं आहे; करणारे मात्र नाहीत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय रस, असं तुम्ही विचाराल. रस असा की या कथा आपलाच प्रश्न विचारतात: वस्तू हाती आहे, कर्ता नाही, तर नेमकं काय कळू शकतं?

आधी धुराकडे परत जाऊ. धुरावरून अग्नीचं अनुमान करण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेले असतात, तिथून. या अव्यभिचारी साहचर्यालाच व्याप्ती म्हणतात. तसंच घट पाहिला की कुंभार होता असं आपण म्हणतो, कारण चाकावर बसलेला कुंभार आपण पाहिलेला असतो. आता असा घट कल्पा, की ज्याचा कुंभार कुणीही, कधीही पाहिलेला नाही. त्याला हात होते की नव्हते, हेही ठाऊक नाही. 'कुणीतरी केलंय' एवढं आपण फार तर म्हणू. पण कशासाठी केलंय? पाणी भरायला, अस्थी ठेवायला, की वाजवायला? इथे आपल्याजवळ व्याप्तीच नाही.

या अडचणीला विज्ञानकथाकारांनी वेगवेगळी उत्तरं दिली. त्यांतली तीन पाहू.

पहिलं उत्तर आशावादी आहे. अमेरिकन लेखक एच. बीम पायपर यांची 'ऑम्निलिंग्वल' ही कथा १९५७ साली आली. मंगळावरची संस्कृती हजारो वर्षांपूर्वी संपली आहे. मार्था डेन ही पुरातत्त्वज्ञ तिथली पुस्तकं वाचू पाहते. सहकारी म्हणतात, हे अशक्य आहे. इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, कारण रोझेटा शिळेवर तोच मजकूर ग्रीकमध्येही होता. मंगळावर अशी द्वैभाषिक शिळा कुठून मिळणार? पण तिथल्या विद्यापीठाच्या एका भिंतीवर एक तक्ता सापडतो, आणि तो मूलद्रव्यांचा निघतो. हायड्रोजन पुण्यात काय आणि मंगळावर काय, हायड्रोजनच. म्हणजे व्याप्ती मिळाली! कर्ता पाहिलेला नाही, पण ज्या जगात तो राहत होता, ते जग आपण पाहिलेलं आहे.

हे पटण्यासारखं आहे, आणि त्याची मर्यादाही आपल्याला घरबसल्या दिसते. सिंधू संस्कृतीची वजनं घ्या. दगडाचे छोटे घनाकृती तुकडे. एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या पटीत. त्यांची पद्धत आपल्याला कळली, कारण वजन हे वजनच असतं. त्याच लोकांच्या मुद्रांवरची अक्षरं मात्र आजही सर्वमान्यपणे वाचता आलेली नाहीत. त्यांनी कसं तोललं ते कळलं. काय म्हटलं ते कळलं नाही. थोडक्यात, वस्तूचे गुणधर्म आणि वस्तूचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुणधर्म निसर्गाच्या स्वाधीन असतात, ते टिकतात. अर्थ वापरात असतो, आणि वापर जगण्याच्या पद्धतीत. ती पद्धत मोडली की अर्थ वस्तूला चिकटून राहत नाही.

दुसरं उत्तर याच फटीतून येतं. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या सोविएत बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तार्कोव्हस्कीचा 'स्टॉकर' हा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. इथे परग्रहवासी नष्ट झालेले नाहीत. आले आणि निघून गेले. मागे राहिला तो वस्तूंनी आणि जीवघेण्या सापळ्यांनी भरलेला एक प्रदेश. तांब्याच्या दोन चकत्या आहेत. मध्ये काहीच नाही, पण त्या जवळही येत नाहीत आणि दूरही होत नाहीत. कधीच न संपणाऱ्या बॅटऱ्या आहेत. लोकांनी त्या गाड्यांना लावल्यासुद्धा. पण त्या मुळात बॅटऱ्याच होत्या का? कुणास ठाऊक. कादंबरीतला शास्त्रज्ञ पिल्मन एक शक्यता मांडतो. समजा, काही मंडळी रस्त्याकडेला सहलीला थांबली. खाल्लं-प्यालं, कचरा टाकला आणि गेली. मग झाडीतले प्राणी-किडे बाहेर येऊन तो कचरा हुंगतात. ते प्राणी म्हणजे आपण. ज्याला आपण संदेश समजून जपतो, तो मुळात कुणी धाडलेलाच नसेल तर?

तिसरं उत्तर आर्थर सी. क्लार्क यांचं. त्यांच्या 'रॉन्देव्हू विथ रामा' या १९७३ च्या कादंबरीत सूर्यमालेत एक प्रचंड नळकांडं शिरतं, सुमारे ५० किलोमीटर लांबीचं. ग्रीक-रोमन देवांची नावं संपलेली असल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून त्याचं नाव 'रामा'. माणसं आत जातात. समुद्र दिसतो, शहरांसारखं काही दिसतं, यंत्रवत जीव आपापली कामं करताना दिसतात. कर्ते दिसत नाहीत. आणि मग रामा सूर्याला वळसा घालून निघून जातो. माणसांची दखलसुद्धा घेत नाही. आम्हाला तर हे फार प्रामाणिक वाटतं. वाचक उत्तराची वाट पाहतो आणि लेखक म्हणतो, उत्तर तुमच्यासाठी नव्हतंच.

मराठीतही हा धागा आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली एक पेटी सापडते. ती परग्रहाची नव्हे, याच पृथ्वीवर होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीची. तिच्यातलं ज्ञान वापरून 'वामन' हा यंत्रमानव तयार होतो. इथे प्रश्न आणखी टोकदार होतो: एखादी गोष्ट कशी करायची ते कळलं, पण ती करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते नीट कळलं नसेल, तर ती करावी का?

आता थोडं कडू बोलू. हे सगळे लेखक कल्पित लिहीत होते, आणि तरी 'इतकं कळतं, इथून पुढे कळत नाही' ही रेघ त्यांनी सांभाळली. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांचं 'चॅरियट्स ऑफ द गॉड्स' आलं आणि तीच कल्पना इतिहास म्हणून विकली जाऊ लागली. आज वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी कोरलं, असं सांगणारे व्हिडिओ आपल्याच घरातली मुलं बघतात. इथे अनुमान उलटं झालंय. कुंभार माहीत आहे. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण माहीत आहे. छिन्नीच्या खुणा खडकावर आहेत. बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे, आणि हे आपण केलं तरी कसं याचं करणाऱ्या शिल्पकारालाच नवल वाटलं, असंही त्यात म्हटलंय. त्या शिल्पकाराचं नवल खरं होतं. आपण मात्र नवल वाटलं की कर्ताच बदलून टाकतो. ज्या माणसांनी पिढीजात कसबाने तो डोंगर वरून खाली कोरत आणला, त्यांच्या हातून त्यांचं काम काढून घेणं हा नुसता तर्कदोष नाही, अन्यायही आहे.

शेवटी एक उलटा विचार. आपणही कुणाचे तरी लुप्त पूर्वज होणार आहोत. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्या वेष्टनावर हायड्रोजनच्या अणूची आकृती आहे आणि तबकडी किती वेगाने फिरवायची तेही दिलंय. त्यासाठी कालमापन त्याच अणूचं. हा शुद्ध पायपर! आणि आत, इतर संगीताबरोबर, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

समजा, लाखो वर्षांनी ती तबकडी कुणाच्या हाती लागली. धातू कोणता ते त्यांना कळेल. वेग कळेल, स्वरांची कंपनसंख्याही मोजता येईल. पण भैरवी झाली की मैफल संपली, लोक आता उठणार, हे त्यांना कशावरून कळावं? त्या अनुमानाची व्याप्ती कुठल्याही अणूत नाही. ती मैफलीत बसलेल्या माणसांत आहे.

म्हणून अवशेषापुढे उभं राहताना दोन वाक्यं वेगळी ठेवायला शिकू या: 'हे कसं आहे ते आम्हाला कळलं' आणि 'हे त्यांच्यासाठी काय होतं ते आम्हाला कळलं'. पहिलं म्हणता आलं म्हणून दुसरं आपोआप म्हणता येत नाही. आणि ज्यांच्या मैफलीत बसलेली माणसं अजून हयात आहेत, त्यांना दुसरं वेळेवर विचारून घेऊ या.

पुढच्या वेळी व्याप्तीवरचे चार्वाकांचे आक्षेप पाहू.