बिल शून्य आलं, मग हिशेब कोणी मागायचा?

रोवणीच्या आधी रामटेक तालुक्यात देवलापारकडच्या एका गावी धानाच्या पऱ्ह्यांबद्दल बोलायला गेलो होतो. पऱ्हे राहिले बाजूला, गोष्ट निघाली डीपीची. वीजदर, आयोग, सुनावणी असे मी काही सांगू लागलो तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, बिल त शून्य येते. आता सुनावणीले जाऊन का करू?"

प्रश्न रास्त आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. पण मोफत ती शेतकऱ्याला. तिची किंमत कुणीतरी भरतेच. त्यातला मोठा वाटा सरकारच्या अनुदानातून जातो. ज्या पंपाला मीटर नाही त्याची आकारणी अश्वशक्तीवर होते आणि वापर अंदाजाने धरतात. तेव्हा आपल्या मोटारीच्या नावावर काय लिहिले आहे, हे बिल शून्य असले तरी पाहावेच लागते.

साधा हिशेब करू. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. तीन अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर सुमारे 18 युनिट, पाचची चालली तर सुमारे 30. वावरात मोटार तीनची आणि कागदावर पाचची असेल तर रोज 12 युनिट न वापरलेली वीज आपल्या नावावर चढते. दीडशे दिवसांत ती 1,800 युनिटच्या घरात जाते. शिवाय साडेसातची मोटार चुकून दहाची लिहिली गेली तर मोफत योजनेतूनच नाव बाहेर.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 साली स्थापन झाला. त्याआधी दर ठरत ते मंडळाच्या आणि मंत्रालयाच्या दालनात. आयोगापुढे पहिल्यांदा मंडळाचे आकडे जाहीरपणे तपासले गेले आणि 5 मे 2000 रोजी पहिला दरआदेश निघाला. तोवर मंडळ आपली गळती सतरा-अठरा टक्के सांगत असे. तपासणीत ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधला फरक गेला होता कुठे? शेतीच्या वापराच्या खात्यात. चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या पंपावर दाखवली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! पुढे 2020 च्या दरआदेशातही आयोगाने कृषी वापराचा आकडा कमी करूनच धरला. ग्राहक संघटना आणि अभ्यासकांनी चिकाटीने हरकती घेतल्या, म्हणून हे उजेडात आले.

आपल्याकडूनही चूक होते, ती लपवून काय फायदा? जोडणी तीनची आणि बसवली पाचची, वरून कपॅसिटर काढून ठेवलेला, अशा मोटारी धुऱ्याधुऱ्यावर दिसतात. 63 केव्हीएच्या डीपीवर ढोबळमानाने साठ-पासष्ट अश्वशक्तीचा भार झेपतो. कागदावर साठ असून प्रत्यक्षात नव्वद असेल तर ऐन रोवणीत ती जळणारच. मग पुन्हा वर्गणी, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा चकरा. खरे तर ग्रामीण भागात जळालेले रोहित्र 48 तासांत बदलून मिळावे असे आयोगाचे कृती मानक आहे, आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूदही आहे. तक्रार मात्र लेखी हवी. वायरमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली असे नाही. तक्रार निवारण मंचाकडे जायला वकील लागत नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. तिथे समाधान झाले नाही तर पुढे विद्युत लोकपाल.

सुधारणेच्या कामांचेही तसेच. 2018 मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीतून एक-दोन शेतकऱ्यांमागे एक लहान रोहित्र देण्याचे ठरले. योजना सुमारे 5 हजार कोटींची आणि जोडण्या सव्वादोन लाखांच्या जवळपास. नंतर 2020 च्या कृषिपंप धोरणात वसूल झालेल्या शेती बिलांतून 33 टक्के त्याच ग्रामपंचायत क्षेत्रात आणि 33 टक्के जिल्ह्यात वीज यंत्रणेवर खर्च करण्याची तरतूद झाली. आपल्या गावातून किती वसूल झाले, त्यातून कोणती डीपी, किती खांब, किती तार आली, हे ग्रामसभेत किती सरपंच-सचिवांनी विचारले? मी बसलेल्या सभांत तरी हा विषय आलेला आठवत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करूनही ही यादी मागता येते. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांना तर हे विचारणे जिवाचे आहे. रात्रपाळीची वीज म्हणजे ओलिताला अंधारात निघणे, आणि त्या बाजूला नुसते रानडुक्कर नाही, वाघ आहे.

विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे दरवाढीचा अर्ज वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. नागपुरात या सुनावण्या वनामतीच्या सभागृहात झालेल्या आहेत. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाला आम्ही जातो तीच इमारत. तिथे उद्योगवाले फाइली घेऊन येतात, कास्तकार मात्र बोटावर मोजण्याइतके. 28 मार्च 2025 च्या आदेशाने 2029-30 पर्यंतच्या पाच वर्षांचे दर ठरवले. लगेच त्याला स्थगिती आली आणि 25 जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. फेरविचार करताना जाहीर सुनावणीच घेतली नाही, असा आक्षेप घेऊन ग्राहक उच्च न्यायालयात गेले.

अशी जाहिरात पुन्हा आली की हरकत मराठीत, साध्या कागदावर लिहिता येते. नाव, गाव, ग्राहक क्रमांक, मोटारीची खरी अश्वशक्ती आणि बिलावरची अश्वशक्ती. दहा-वीस जणांनी मिळून एकाच डीपीची यादी जोडली तर अधिक बरे. देवलापारकडच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी बैठक उठता उठता खिशातून बिल काढले. त्यावर पाच अश्वशक्ती होती. "मोटार त तीनचीच हाय," ते म्हणाले, आणि शेजारच्याला त्याचे बिल घेऊन यायला सांगितले.