परसातील हौद, सोनेरी मासे आणि विहिरीचे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब हे गाव दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात येते. या खडकातून झिरपून विहिरीत येणारे पाणी सामान्यतः बायकार्बोनेटयुक्त, दुष्फेन व किंचित अल्कधर्मी असते. असे पाणी परसातील सिमेंटच्या हौदात भरून त्यात सोनेरी मासे, म्हणजे कॅरासियस ऑराटस, पाळावयाचे झाल्यास पाण्याच्या नितळपणावर विसंबून चालत नाही. माशांचा खरा घातक अमोनिया हा वर्णहीन असून तो डोळ्यांना दिसत नाही.

मासे अमोनियाचे उत्सर्जन प्रामुख्याने कल्ल्यांवाटे करतात. न खाल्लेले अन्न कुजून त्यात भर पडते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. पैकी अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया विषारी होय. या दोहोंचे प्रमाण सामू व तापमान यांवर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.८ टक्का मुक्त असतो. सामू ८ असता ७.४ टक्के, आणि ९ असता जवळजवळ ४५ टक्के. शेवाळाने हिरव्या झालेल्या हौदात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे कार्बन डायऑक्साइड घटून सामू चढतो. म्हणजे उन्हाळ्यातील दुपार ही विषाची वेळ ठरते. उलट, रात्रभर शेवाळ व मासे दोघेही प्राणवायू वापरीत असल्यामुळे त्याची टंचाई पहाटे भासते. दोन्ही वेळी परीक्षण न करता सकाळी दहा वाजता एकदाच नमुना घेणाऱ्यास हौद निर्दोष वाटावा, यात नवल नाही.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्याचे पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू हौदाच्या भिंतींवरील निसरड्या थरात वास करतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सुमारे ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते. येथील बायकार्बोनेट या कामी उपकारक. पण तेच सामू ८ च्या आसपास टिकवून अमोनियाची धार वाढविते. हौद काथ्याने घासून लख्ख करणारा गृहस्थ हा थरच नष्ट करतो, आणि त्यानंतर काही दिवसांत मासे मरू लागले की दोष पाण्याला देतो. तळाचा गाळ काढावा, भिंती राहू द्याव्यात. नवीन सिमेंटमधून चुना सुटून सामू फार चढतो, म्हणून नवा हौद अनेकदा भरून रिकामा केल्यावरच वापरावा.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने वेगळाच प्रश्न उभा राहतो. समजा, हौद २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व ०.६ मीटर खोल आहे. त्यात १,८०० लिटर पाणी मावते. दररोज १० मिलिमीटर पाणी उडून गेले तर ३० दिवसांत ९०० लिटरची घट होते. ती विहिरीच्याच पाण्याने भरून काढली तर पाणी उडते, क्षार मात्र राहतात. महिनाअखेर त्यांचे प्रमाण दीडपटीकडे झुकते. त्यांपैकी काही भाग पाणीरेषेशी पांढऱ्या थराच्या रूपाने साचतो. घट भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. बदलण्यासाठी तळाचे पाणी, आठवड्यास एक-पंचमांशापर्यंत, बाहेर काढावयास हवे. त्यातील नायट्रेट केळी व अळू यांना पोषक असल्याने ते वाया जात नाही.

परंतु वैशाखात विहिरी तळाशी गेल्या असता हौदासाठी पाणी मागणे प्रशस्त नाही. तेव्हा मासे मुळातच थोडे ठेवणे, अन्न निम्म्याहून कमी करणे आणि दुपारी हौदावर सावली करणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. ३० अंशांस पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅमच सामावतो, तर २० अंशांस ९ मिलिग्रॅम. त्यामुळे सावलीचा लाभ दुहेरी आहे. नळाच्या पाण्यात विरंजक चूर्णाचा अंश असल्यास ते उघड्या भांड्यात दिवसभर उन्हात ठेवून मगच ओतावे. संख्या वाढलेले मासे मात्र नाल्यात सोडू नयेत. ही जात येथील जलाशयांची नव्हे.