दीर्घ शुश्रूषेची पहिली पायरी

रुग्णालयातून निरोप मिळालेला प्रत्येक रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत घरी जातोच असे नाही. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले गृहस्थ, मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धा, नाकातील नळीवाटे अन्न घेणारे रुग्ण यांना पुढे कित्येक महिने कुशल शुश्रूषेची गरज असते. अशा दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेचे काम रुग्णालयातील कामाहून बरेच वेगळे असते.

वडोदरा, म्हणजेच मराठी माणसाचे बडोदे, हे महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव धारण करणाऱ्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचे आणि १९४९ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे शहर. धुळे-नंदुरबारकडील मुलगी परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून तेथे नोकरीस गेली, तर महाराष्ट्रातील नोंदणीवर न थांबता तिने गुजरातच्या परिचर्या परिषदेकडेही नोंदणी करावयास हवी. भाषेचीही तयारी लागते. स्मृती क्षीण झालेल्या वृद्धांच्या तोंडी पुष्कळदा बालपणीचीच भाषा येते. बडोद्यात ती गुजराती असेल वा मराठी. एकीला ‘बा’ म्हणावे लागते, तर शेजारच्या खाटेवरील दुसरीला ‘आजी’.

पहिल्या आठवड्यात नव्या परिचारिकेची खरी अडचण ज्ञानाची नसून वेळेची असते. रुग्ण अनेक, हात दोनच. अशा वेळी पाळी बदलताना आधीच्या परिचारिकेकडून प्रत्येक रुग्णाची माहिती त्याच्या खाटेपाशी उभे राहून घ्यावी. ज्याचा श्वास, शुद्ध वा ताप यांत फरक पडला असेल, त्याच्याकडे प्रथम जावे. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, वेळ व देण्याचा मार्ग या पाच गोष्टी दर वेळी पडताळाव्यात. शंका आल्यास वरिष्ठ सिस्टरना विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेली चुकीची मात्रा मात्र जिवावर बेतू शकते.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचा मोठा शत्रू म्हणजे शय्याव्रण. एकाच जागी सतत दाब पडल्याने तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि माकडहाड, टाचा, कंबर येथील त्वचा मरू लागते. म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी, त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवावी आणि दाबूनही न फिकटणारी लाली दिसताच नोंद करावी. नळीने अन्न देताना रुग्णाचे डोके उंच ठेवावे व नंतरही अर्धा तास तसेच राहू द्यावे, अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मूत्रपिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली असावी. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुण्यास पर्याय नाही.

या साध्या कामांचे मोल मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने दाखवून दिले आहे. १९७३ मधील हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची तेथील परिचारिकांनी २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अखंड सेवा केली. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गौरवाने दखल घेतली.

दीर्घ शुश्रूषेत रुग्ण बरा होऊन जाण्याचा आनंद क्वचित लाभतो. आज त्वचा शाबूत आहे, आज घास नीट गिळला, आजींनी नावाने हाक मारली, हेच तेथील यश. परिचर्येकडे वळणाऱ्या मुलींना व मुलांना शिक्षकांनी आणि पालकांनी या कामाची ही बाजूही समजावून सांगावी.